युक्तीची किंमत

माझे वडील शिकलगार होते. सुऱ्या, कात्र्या, विळ्या, अडकित्ते यांना धार लावून देणं हा आमचा पिढीजात धंदा. एक लाकडी घोडा, त्याला बसवलेलं मोठं चाक, खाली पायानं दाबायची फळी, वर साणेचा लहानसा गोल दगड आणि चाकाला दगडाशी जोडणारा चामड्याचा पट्टा, एवढंच त्यांचं दुकान. ते खांद्यावर घेऊन अब्बा गल्लोगल्ली फिरायचे. त्यांची आरोळी ऐकली की बायका हातातलं काम टाकून विळ्या-सुऱ्या घेऊन दारात यायच्या.

मी सातवीत असताना विज्ञानाच्या तासाला 'साधी यंत्रं' हा धडा आला. तरफ, कप्पी, उतरण, पाचर, स्क्रू, आस असलेलं चाक. गुरुजींनी प्रत्येकाला घरातलं एक उदाहरण विचारलं. कुणी अडकित्ता म्हणालं, कुणी विहिरीवरचा रहाट. माझी पाळी आली तेव्हा मी उठून म्हणालो, ''अब्बांची साण.'' वर्ग हसला. गुरुजीही हसले. म्हणाले, ''अरे, यंत्र सांग, बापाचा धंदा नको सांगूस.'' मी खाली बसलो. त्या एका घोड्यावर धड्यातली निम्मी यंत्रं होती, हे मला तेव्हा सांगता आलं नाही. पायाखालची फळी ही तरफ, चाक आणि त्याचा आस तर समोरच होते, आणि सुरीची धार म्हणजे पाचरच की!

ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. मुलीनं संगणकावर एका जुन्या पुस्तकाची पानं दाखवली तेव्हा ती पुन्हा आठवली. पुस्तक लॅटिन भाषेतलं, छपाई १५७७ सालची. मला लॅटिनचं अक्षर कळत नाही. पण पानापानांवर लाकडी ठशांतून छापलेली चित्रं होती, ती मात्र कळली. तराजू, पहारीसारखा दांडा, दोरात ओवलेल्या कप्प्या, दांडे लावलेलं चाक, ओंडक्यात घुसणारी पाचर, मळसूत्राचे आटे. सातवीतला धडाच जणू, चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचा! मग मी या पुस्तकाच्या मागे लागलो. त्याच्या निवडक भागाचा इंग्रजी अनुवाद १९६९ साली झाला आहे, तो वाचला. जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगतो.

पुस्तकाचं नाव 'मेकानिकोरम लिबर', म्हणजे यंत्रविद्येचं पुस्तक. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पेसारो गावात, जिरोलामो कॉन्कॉर्दिया नावाच्या मुद्रकाकडे ते छापलं गेलं. लेखक ग्विदोबाल्दो देल मोन्ते, जन्म १५४५, मृत्यू १६०७. हा माणूस सरदार घराण्यातला. पादुआच्या विद्यापीठात शिकताना कवी तोरक्वातो तास्सो त्याचा मित्र होता, हे वाचून मला साहजिकच बरं वाटलं. पुढे हंगेरीत तुर्कांविरुद्धच्या लढाईतही तो गेला. परत आल्यावर उर्बिनोच्या फेदेरिको कोमान्दिनो या विद्वानाकडे गणित शिकला. कोमान्दिनोनं आर्किमिडीज आणि इतर ग्रीक गणितज्ञांचे ग्रंथ शुद्ध करून लॅटिनमध्ये आणण्यात आयुष्य वेचलं होतं. त्या शिस्तीत तयार झालेला ग्विदोबाल्दो बत्तिसाव्या वर्षी हे पुस्तक घेऊन वाचकांपुढे आला.

यंत्रांवर आधी कुणी लिहिलंच नव्हतं, असं नाही. अॅरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेली 'यांत्रिक प्रश्न' ही ग्रीक पुस्तिका १४९७ सालीच छापली गेली होती. नावेचं सुकाणू एवढंसं असून एवढी मोठी नाव कशी वळवतं, आडकित्त्यात कठीण फळ सहज का फुटतं, असे पस्तीस प्रश्न तिच्यात आहेत. तार्ताल्या या इटालियन गणितज्ञानं १५४६ साली वजनांच्या विद्येवर लिहिलं होतं. पण एकेक साधं यंत्र घ्यायचं, चित्र काढायचं, भूमितीच्या पायऱ्यांनी ते सिद्ध करायचं आणि सगळी यंत्रं एकाच सूत्रात ओवायची, असं विस्तारानं करणारं छापील पुस्तक हेच. म्हणून इतिहासकार त्याला सोळाव्या शतकातलं या विषयावरचं सर्वांत महत्त्वाचं पुस्तक मानतात.

ते सूत्र कोणतं? तर तराजू आणि तरफ. ग्विदोबाल्दो म्हणतो, आधी तराजू समजून घ्या, मग तरफ. मग कप्पी, आस असलेलं चाक, पाचर आणि स्क्रू ही सगळी तरफेचीच रूपं आहेत, हे मी दाखवून देतो.

तराजूपासूनच पाहू. दुकानदाराचा तराजू हातानं एका बाजूला कलवून सोडला, तर तो डुलत डुलत पुन्हा आडवा होतो. का? तो जिथं टांगलेला असतो ती जागा त्याच्या गुरुत्वमध्याच्या वर असते. समजा, टेकू बरोबर गुरुत्वमध्यातच घेतला, तर? तार्ताल्या आणि त्याच्या आधीचे काही पंडित म्हणायचे, तरीही दांडी आडवी होईल. ग्विदोबाल्दो म्हणाला, नाही. अशी दांडी जशी ठेवाल तशीच राहील, तिरकी ठेवली तर तिरकी. आणि टेकू गुरुत्वमध्याच्या खाली असेल, तर जरा कलली की ती उलटणारच. तीन जागा, तीन निकाल. आज शाळेत शिकवतात तेच हे. पण त्या काळी या एका प्रश्नावर विद्वानांत कडाक्याचा वाद झाला, आणि त्यात खरा ठरला ग्विदोबाल्दो.

आता कप्पी. विहिरीवर एकच कप्पी टांगलेली असते. तिनं बळ वाचत नाही, फक्त वर ओढण्याऐवजी खाली ओढता येतं. ग्विदोबाल्दो चित्र काढून सांगतो, कप्पीचा आडवा व्यास हीच तरफ समजा. टेकू मधोमध, दोन्ही बाहू सारखे, मग फायदा कुठला? पण तीच कप्पी भाराला बांधली, दोराचं एक टोक वर छताला अडकवलं आणि दुसरं हातात धरून वर ओढलं, की चित्र बदलतं. आता टेकू कप्पीच्या एका कडेला आला, भार मध्यावर आणि हात दुसऱ्या कडेला. भारापेक्षा हात दुप्पट अंतरावर. म्हणून शंभर किलोचं ओझं पन्नास किलोच्या ओढीनं तोललं जातं. कप्प्या वाढवून भार दोराच्या चार पदरांवर टांगला, तर पंचवीस किलोच पुरेत. दोराचं घर्षण आणि कप्प्यांचं वजन यात धरलेलं नाही.

इथं आपण म्हणतो, वा! शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ. पण ओझं एक मीटर वर न्यायचं तर पहिल्या जुळणीत दोर दोन मीटर ओढावा लागतो, दुसऱ्यात चार मीटर. जेवढं बळ वाचलं, तेवढी वाट वाढली आणि वेळही वाढला. ग्विदोबाल्दोनं हे अंतरांचं प्रमाण मांडून दाखवलं आहे. काम जितकं सोपं, तितकं लांबणार.

अब्बांच्या साणेवर नेमका याच्या उलट सौदा होता. मोठं चाक लहान दगडाला फिरवायचं. चाकाचा एक फेरा झाला की दगडाचे पाच-सहा फेरे व्हायचे. इथं वेग मिळत होता आणि त्याची किंमत पायाच्या जोरानं चुकवावी लागत होती. म्हणून संध्याकाळी अब्बांचे हात नाही, पोटऱ्या दुखायच्या. मी पाय चेपायला बसलो की म्हणायचे, ''फुकट में कुछ नईं मिलता बेटा. पत्थर भागता है ना, वो पाँव का खाता है.'' लॅटिन पुस्तकातल्या त्या प्रमाणांचा याहून सोपा अनुवाद मला तरी जमणार नाही.

पाचर आणि स्क्रू यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. पाचर म्हणजे लाकडात घुसून दोन्हीकडे रेटणाऱ्या दोन तरफा, असं ग्विदोबाल्दोनं मांडलं. आणि स्क्रू म्हणजे दंडगोलाला गुंडाळलेली पाचर. हे घरी करून पाहता येतं. काटकोन त्रिकोणी कागद पेन्सिलीभोवती गुंडाळा, तिरकी कड मळसूत्रासारखी चढत जाताना दिसेल. फरक इतकाच की पाचरीला घण लागतो आणि स्क्रू नुसत्या फिरवण्यानं पुढं सरकतो.

आता या पुस्तकाची चूक सांगायला हवी. मला ती पुस्तकातल्या बरोबर गोष्टींहून जास्त बोलकी वाटते. ती चूक उतरणीची.

ट्रकमध्ये पिंप चढवताना हमाल तिरकी फळी लावतात. फळी उंचीच्या दुप्पट लांब असेल तर पिंपाच्या निम्म्या वजनाएवढं बळ पुरतं. तेराव्या शतकातल्या योर्दानुस नावाच्या पंडिताच्या नावावर असलेल्या ग्रंथात हे उत्तर बरोबर दिलेलं होतं. ग्विदोबाल्दोच्या पुस्तकाच्या आधी बारा वर्षं, १५६५ साली, तो ग्रंथ व्हेनिसमध्ये छापलाही गेला होता. पण ग्विदोबाल्दोला मध्ययुगातले हे लोक कच्चे वाटत. त्यांच्या सिद्धतांना ग्रीकांची शिस्त नाही, असं त्याचं मत. तराजूच्या वादात ते चुकले होते हेही खरं. म्हणून त्यानं उतरणीसाठी ग्रीक गणितज्ञ पप्पसचा आधार घेतला.

आणि पप्पसच चुकलेला होता! त्यानं असं धरलं की सपाट जमिनीवरचा भार हलवायलाही ठरावीक बळ लागतंच, आणि चढ वाढला की तेच बळ वाढत जातं. हे गणित शेवटपर्यंत नेलं तर उभ्या चढावर भार न्यायला अनंत बळ लागेल! प्रत्यक्षात तिथं भाराच्या वजनाएवढंच बळ पुरतं. साधा हमालही पोतं सरळ वर उचलतोच की. नाव मोठं म्हणून उत्तर खरं मानलं आणि नाव लहान म्हणून खरं उत्तर बाजूला ठेवलं, असं ग्विदोबाल्दोसारख्या काटेकोर माणसाच्या हातून झालं. उतरणीचं बरोबर उत्तर पुढे १५८६ साली सिमोन स्टेविन यानं डच भाषेत, साखळीतल्या गोळ्यांची सुंदर कल्पना लढवून सिद्ध केलं. गॅलिलिओही आपल्या वाटेनं तिथंच पोचला.

यापुढची गोष्ट मला जास्त चटका लावून गेली. पाच साध्या यंत्रांची ती प्रसिद्ध यादी मुळात पप्पसची नव्हेच. ती अलेक्झांड्रियाच्या हेरॉनची, इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. पप्पसनं चौथ्या शतकात त्याचे उतारे दिले, कोमान्दिनोनं पप्पस लॅटिनमध्ये आणला, आणि ते उतारे ग्विदोबाल्दोपर्यंत पोचले. हेरॉनचा मूळ ग्रीक ग्रंथ तोवर हरवला होता. पण तो नष्ट झाला नव्हता. नवव्या शतकात बालबेकच्या कुस्ता इब्न लूका यानं तो अरबीत आणून ठेवला होता. अरबी नावाचा अर्थ सरळ आहे : 'जड वस्तू उचलण्याविषयी'. कुस्ता धर्मानं ख्रिस्ती, वंशानं ग्रीक, बगदादमध्ये काम केलेला आणि अरबीत लिहिणारा. आज आपण ग्रंथ आमचा की तुमचा म्हणून भांडतो, तेव्हा मला या कुस्ताची आठवण येते.

त्या अरबी ग्रंथात काय होतं? गुळगुळीत सपाट जागेवरचा भार कितीही लहान बळानं हलवता येतो, असं हेरॉननं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे पप्पसची जी चूक ग्विदोबाल्दोनं उचलली, तिच्या मुळावरच घाव घालणारं वाक्य जगात होतं. फक्त ते अशा भाषेत होतं, जी भाषा बोलणाऱ्यांशी आणि ज्या धर्माच्या लोकांशी युरोपचं तेव्हा युद्ध चालू होतं. तरुणपणी तुर्कांशी लढायला गेलेल्या या सरदाराला, आपल्याला हवं असलेलं पान त्या बाजूच्या कुठल्यातरी ग्रंथालयात आहे, हे कळायला मार्गच नव्हता. पश्चिम युरोपात हेरॉनचा तो ग्रंथ अरबीवरून फ्रेंचमध्ये छापला गेला तो थेट १८९३ साली, कारा द व्हो या अभ्यासकामुळे.

अरबीत यंत्रविद्येला 'इल्म-उल-हियल' म्हणत. 'हीला' म्हणजे युक्ती, त्याचं अनेकवचन हियल. बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी नवव्या शतकात लिहिलेल्या प्रसिद्ध पुस्तकाचं नावच 'किताब-उल-हियल', युक्त्यांचं पुस्तक. ग्रीक भाषेतही 'मेखाने' या शब्दाचा एक अर्थ युक्ती असाच आहे. आणि आपल्या मराठीत अरबीतूनच आलेला 'हिकमत' हा शब्द आहे. गावात एखादा हिकमती माणूस असला की मोडक्या मोटारीपासून गळक्या नळापर्यंत सगळे त्याच्याकडे धाव घेतात. पण त्याला मान किती मिळतो? इथं मी पुन्हा त्या पुस्तकाकडे येतो.

ग्विदोबाल्दोनं आपलं पुस्तक उर्बिनोच्या ड्यूकला अर्पण केलं. प्रस्तावनेत त्यानं हमाल, बांधकाम करणारे, शेतकरी, खलाशी यांचा उल्लेख केला आहे. या सगळ्यांना जी मदत करते ती ही विद्या, म्हणून ती थोर, असं तो म्हणतो. पण हे तो लॅटिनमध्ये म्हणाला. हमालाला लॅटिन येत नव्हतं. चारच वर्षांनी, १५८१ साली, फिलिप्पो पिगाफेत्ता यानं व्हेनिसमध्ये त्याचा इटालियन अनुवाद छापला आणि पुस्तक कारागिरांच्या आणि किल्ले बांधणाऱ्यांच्या भाषेत आलं. अनुवादाच्या प्रस्तावनेत पिगाफेत्तानं एक खंत मांडली आहे. इटलीत अनेक ठिकाणी 'मेकॅनिक' हा शब्द शिवीसारखा वापरतात, आणि इंजिनिअर म्हटलं तरी काहींना राग येतो! त्यानं वाचकांना समजावलं आहे की हा शब्द मानाचा आहे, यात बुद्धी आणि हात दोन्ही लागतात.

मी ते वाचलं आणि हसू आलं. आम्ही कवीसुद्धा कविता फसली की म्हणतो, ''यांत्रिक झाली.'' हातानं काम करणाऱ्याला कमी लेखण्याची सवय भाषेत किती खोल मुरलेली असते, पाहा.

पुस्तकाचं पुढे काय झालं, तेही सांगतो. १५८८ साली चोवीस वर्षांच्या एका बेकार तरुणानं गुरुत्वमध्याविषयीचे आपले सिद्धांत ग्विदोबाल्दोला पाठवले. त्यानं ते जोखले आणि हा मुलगा मोठा होणार हे ओळखलं. शिफारशी करून त्यानं त्याला १५८९ मध्ये पिसाला आणि १५९२ मध्ये पादुआला प्राध्यापकाची जागा मिळवून दिली. तो तरुण म्हणजे गॅलिलिओ. पादुआत त्यानं यंत्रांवर जे टिपण लिहिलं, त्यात तो ग्विदोबाल्दोच्याच वाटेनं निघून एक पाऊल पुढं गेला. ग्विदोबाल्दो म्हणायचा, भार तोलायला लागणारं बळ वेगळं आणि हलवायला लागणारं त्याहून जास्त, तेव्हा तोलण्याचा नियम हलवण्याला लावू नका. गॅलिलिओ म्हणाला, ते 'जास्त' कितीही थोडं असलं तरी चालतं, मग नियम दोन्हीकडे एकच. आणि यंत्रानं निसर्गाला फसवता येतं, ही कारागिरांची समजूत चुकीची आहे, हे त्यानं सुरुवातीलाच बजावलं. ते टिपण १६३४ साली मेर्सेन यानं पॅरिसमध्ये फ्रेंचमध्ये छापलं. पुढे भौतिकशास्त्रात कार्य आणि ऊर्जा यांचा जो हिशेब आला, त्याची एक वाट इथून जाते.

१५७७ सालच्या त्या आवृत्तीच्या प्रती आज दुर्मीळ आहेत. मोठ्या ग्रंथालयांत त्या जपून ठेवलेल्या असतात. पण तिची पानं आता संगणकावर कुणालाही, फुकट पाहता येतात. अब्बा असते तर 'फुकट' या शब्दावर त्यांनी भुवई उंचावली असती. आणि ते खरंच आहे. त्या पानांमागे हेरॉनचं डोकं आहे, कुस्ताची लेखणी आहे, कोमान्दिनोचे डोळे आहेत, ठसे कोरणाऱ्या कारागिरांची बोटं आहेत. किंमत चुकती झाली आहे, ती आपण मोजलेली नाही इतकंच.

अब्बांचा घोडा अजून आमच्या माळ्यावर आहे. पट्टा सुकून तुटला आहे, पण चाक फिरतं. परवा शेजारची एक मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी साध्या यंत्रांची चित्रं शोधत आली होती. मी तिला माळ्यावर नेलं आणि म्हटलं, ''यातली किती यंत्रं ओळखतेस, मोज.'' ती चार म्हणाली. चौथं कोणतं, ते मलाही आधी दिसलं नव्हतं : चाक घट्ट बसवायला अब्बांनी आसाशेजारी ठोकलेली एक लहानशी लाकडी पाचर.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)